दांड्याला लाल दोरा

"टीचर, हा चमचा पावाला लागला होता का?"

एवढंच विचारलं मी. आवाज चढवला नव्हता, कपाळाला आठी घातली नव्हती. मे महिन्यातली दुपार होती, म्हापशाची, अंगाला चिकटणारी. टीचरच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता आणि टेबलावर माझ्यासाठी सकाळपासून खपून केलेलं चोरिसाचं, म्हणजे गोव्याच्या तिखट-आंबट सॉसेजचं, पातेलं होतं. आडवा चिरलेला कांदा, बटाट्याच्या मोठ्या फोडी, आणि सगळ्यांवर तो लालभडक तवंग. व्हिनेगर, लसूण आणि धूर यांचा वास अख्ख्या घरात भरून राहिला होता. पातेल्याच्या काठाला टेकवलेल्या चमच्याच्या खोलगट भागात पावाचा एक कण चिकटलेला मला दिसला, तांदळाच्या कणीएवढा. बहुतेक तिच्या नातवाने माझ्याआधी पाव बुडवून घेतला असणार. टीचरचा हात जागीच थांबला. मग ती म्हणाली, "राव गो, दुसरो हाडटां," आणि आत गेली. मोरीतला नळ बराच वेळ वाहिल्याचा आवाज आला. बाहेर आली ती ओला चमचा पदराशी पुसता पुसता मध्येच थांबली, पुसायचा राहू दिला आणि तसाच निथळता माझ्या हातात दिला.

मी जेवले. पातेल्याच्या दुसऱ्या कडेने वाढून घेतलं, पिशवीतल्या डब्यातली तांदळाची भाकरी काढली, "मस्त झालाय" असं दोनदा म्हटलं. खरंच मस्त झाला होता. पण पुण्याच्या परतीच्या बसमध्ये रात्रभर तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला. विचारण्यात चूक नव्हती, विचारायलाच हवं असं डॉक्टर बजावतात. खटकत होता तो सूर. 'लागला होता का' यातला 'लागला' मी जसा उच्चारला, तसा तो आमच्या घरात फक्त एकच बाई उच्चारायची.

आजी.

आजीचं सोवळं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना पटणार नाही. काठीने दांडीवर वाळत घातलेलं तिचं लुगडं, ते काठीनेच काढायचं. तिची कळशी वेगळी, तिची चूल वेगळी, तिच्या लोणच्याच्या बरणीकडे बघायचंसुद्धा अदबीने. आम्ही मुलं शाळेतून धावत आलो की ती पदर सावरत दोन पावलं मागे सरायची आणि विचारायची, "शिवलीस का?" रागाने नाही. चौकशी करावी तसं. आणि उत्तर 'हो' असेल तर कुणाला एक शब्दही न बोलता सगळं पुन्हा करायची, पाणी ओतून टाकून, भांडं पुन्हा घासून. त्या न बोलण्याचीच भीती वाटायची.

पावाशी तर तिचं उभं वैर. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी तिने तिच्या आजीकडून ऐकलेल्या आणि त्या ती आम्हाला तिखटमीठ लावून सांगायची. त्यामुळे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों-पों करत दारात आला की पाव घ्यायचा तो पडवीत, खायचा तो पडवीत, आणि हात धुऊनच माजघरात यायचं. आम्हाला ती शिक्षा वाटायची नाही. पडवीतच तर मजा होती. टोपलीवरचं निळं प्लास्टिक पोदेराने बाजूला सारलं की येणारी ती वाफ! उंड्याचं कडक कवच बोटाने फोडायचं, आतला मऊ गर आधी खायचा आणि कवच चहात बुडवायचं. संध्याकाळी पोय यायची, वर कोंडा भुरभुरवलेली, आतून पोकळ. माझ्या धाकट्या भावाला कात्रोच लागायचा, फुलपाखराच्या आकाराचा, कारण त्याचे 'पंख' तोडता यायचे.

आणि पडवीच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक कप उपडा ठेवलेला असायचा. चिनी मातीचा, निळ्या फुलांचा, कानाला सोनेरी रेघ असलेला. तो टीचरचा कप. टीचर शेजारीच राहायची, कुठल्याशा प्राथमिक शाळेत शिकवायची आणि सगळा वाडा, अगदी मासेवालीसुद्धा, तिला टीचरच म्हणायची. तिचा नवरा बोटीवर असायचा, वर्षातले आठ-नऊ महिने. संध्याकाळी ती आईशी बोलायला येऊन पडवीतल्या बाकावर बसायची, त्या कपातून चहा प्यायची, जाताना विहिरीवर स्वतः कप विसळायची आणि कट्ट्यावर उपडा घालायची. निगुतीने. मला लहानपणी वाटायचं की हा केवढा मान! आम्हाला सगळ्यांना स्टीलची फुलपात्रं आणि टीचरला फुलांचा कप. मी आईकडे हट्टसुद्धा केला होता एकदा, मला पण त्या कपातून दूध दे म्हणून. आई काही बोलली नाही. तो मान कसला होता ते मला कळलं तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन, आणि कळल्यावर पुढचे कितीतरी दिवस टीचर आली की मी अभ्यासाला बसत असे.

चोरिसाची गोष्ट त्याच्याही आधीची. आमच्या घरात मासे चालायचे, तेही सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सोडून. पण 'ते' मांस? त्याचं नाव घ्यायचीही सोय नव्हती. तरी बाबा रविवारी "जरा बाजारात जाऊन येतो" म्हणायचे आणि दोन तासांनी बडीशेप चघळत रिकाम्या हाताने यायचे. शर्टाला लसूण आणि व्हिनेगरचा वास. आईला ठाऊक होतं. मला वाटतं, आजीलाही ठाऊक असावं. एका रविवारी बाबांनी मला बरोबर नेलं. बाजारात नाही, कुंपणाच्या पलीकडे, मागच्या दाराने टीचरच्या स्वयंपाकघरात. चुलीवर बांबूच्या काठीला चोरिसाच्या माळा टांगलेल्या. छोटे छोटे मणी, प्रत्येक दोन मण्यांमध्ये दोऱ्याची गाठ, धुराने काळपट लाल झालेले. मी आठ वर्षांची होते. मला ती आजीच्या जपमाळेसारखी दिसली आणि मी तसं मोठ्याने म्हटलंही. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

टीचरच्या सासूने माळेतले मणी कापले, आतडीचं आवरण सोलून टाकलं आणि आतला ऐवज पातेल्यात घातला, तेल न घालता, नुसत्या पाण्यात. पाणी आटत गेलं तशी चरबी सुटत गेली आणि त्या लाल तेलात कांदा पडला. मग उंडा मधोमध फाडून त्यात ते सगळं कोंबलं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आंबट कुठे संपतं आणि तिखट कुठे सुरू होतं ते कळेना. तेल पावात मुरून खालच्या बाजूने मनगटावर ओघळलं होतं आणि मी ते चाटलं. "घरी सांगायचं नाही," बाबा म्हणाले. घरी आजीने तोंडाच्या वासावरून विचारलंच, "काय खाल्लंस?" मी म्हटलं, "पाव." थोरलं पाप लपवायला धाकटं कबूल करून टाकलं.

मग तीसेक वर्षं गेली. लग्न, पुणे, नोकरी, मुलगा. आणि थकवा. जिना चढताना दम लागायचा, केस गळायचे, हिमोग्लोबिन ७ च्या आसपास घुटमळायचं. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं संपायची आणि रिपोर्टमधला आकडा जागचा हलायचा नाही. बीट खा, खजूर खा, लोखंडी कढईत भाजी कर. सगळं केलं. २०१६ मध्ये एका डॉक्टरांनी वेगळीच रक्ततपासणी लिहून दिली, मग घशातून नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान आलं, सीलिअ‍ॅक. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषून घेणारे. माझे झिजून सपाट झाले होते. लोह खाल्लं तरी मुरायला जागाच नव्हती. गहू, जव आणि राय नावाचं धान्य बंद, डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर. औषध काही नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "पण एखादी पोळी चालेल ना? तूप लावून?"

त्या दिवसांत रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी याविषयी मिळेल ते वाचत बसायचे. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाची हकीकत तेव्हाच वाचली. गव्हाचा संशय त्याला महायुद्धाच्या आधीपासून होता. मग १९४४-४५ चा तो उपासमारीचा हिवाळा आला, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. आणि त्या हलाखीत त्याच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खंगू लागली. मला त्या मुलांच्या आयांचं काय झालं असेल असं वाटत राहायचं. सगळा देश पावाच्या गाड्यांकडे डोळे लावून बसलेला, आणि गाडी आल्यावर आपलंच मूल त्या पावाने आजारी पडतं.

माझी तशी काही उपासमार झाली नाही. कोकणी माणसाला गहू सुटला म्हणून काय बिघडतं, असं सगळे म्हणाले आणि ते बरंचसं खरंही आहे. भात आहे, घावन आहे, आंबोळी आहे, ज्वारी-नाचणीची भाकरी आहे, उकडीचे मोदक तर आहेतच. पण मधल्या वर्षांत मी पुणेकर झाले होते ना. सकाळच्या डब्यात पोळी-भाजी, आजारपणात मऊ पोळी दुधात कुस्करून, पाहुणे आले की शिरा. आणि उंबरठ्याबाहेर पडलं की गव्हाशिवाय पान हलत नाही. मिसळ खाईन, पण पाव परत पाठवायचा. त्यावर मालकांचा चेहरा बघायचा. "आजार आहे" म्हटलं की शेजारच्या टेबलावरूनसुद्धा सल्ले येतात, कुणाची तरी मेहुणी कुठल्यातरी काढ्याने बरी झालेली असते. शेवटी मी शहाणी झाले. आता मी सांगते, "उपवास आहे." पुण्यात या दोन शब्दांपुढे सगळे नमतात. कुणी कारण विचारत नाही, उलट वाटीभर शेंगदाण्याची आमटी जास्त मिळते. एका संकष्टीला असाच उपवास सांगून दुपारी वरईचा भात खाल्ला आणि रात्री घरी येऊन चोरीस. गणपती समजून घेईल. बाबांनाही त्याने समजून घेतलंच असणार.

खरा घोळ हिंगाने केला. सहा महिने कडक पथ्य पाळूनही रक्तातल्या अँटिबॉडींचा आकडा हवा तेवढा उतरेना. सगळे डबे काढून ओट्यावर मांडले आणि एकेकाच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचत गेले. फोडणीच्या हिंगाच्या डबीवर हिंगाच्या आधी छापलं होतं, गव्हाचं पीठ. रोजची आमटी, रोजचं वरण, चिमूटभर, सहा महिने. त्या डबीचा मला जितका राग आला तितका आजवर माणसाचाही आला नसेल. आता तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो वापरते. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं ते प्रथिन, जे मला बाधतं. 'ग्लुटेनमुक्त' म्हणायला एका किलोत २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. एका किलोत २० मिलिग्रॅम! कण डोळ्यांना दिसला म्हणजे तो फार झाला, असा हिशेब.

आणि म्हणून माझ्या स्वयंपाकघरात सोवळं आलं. नवऱ्याला आणि मुलाला पोळ्या लागतात, त्या करायला सकाळी ताई येतात, आणि कणीक मळताना पीठ उडतं. म्हणून माझा स्वयंपाक त्यांच्याआधी किंवा त्यांच्यानंतर तासाभराने, ओटा पुसून. माझा तवा वेगळा, चाळणी वेगळी (चाळणीच्या भोकांतून पीठ कधीच पुरतं निघत नाही), लाकडी उलथनं वेगळं, लोणच्याची बरणी वेगळी. माझ्या भांड्यांच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला, म्हणजे कुणी चुकून उचलू नये. एकदा मुलाने माझा चमचा पोळीच्या डब्यात घातला आणि ओरडला, "आई, सॉरी, बाटला!" हा शब्द त्याने कुठून उचलला देव जाणे. मी हसले. पण चमचा घासायला टाकला आणि हातही धुतले, आणि ताईंच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. पोळ्या करणाऱ्या बाईच्या हाताचं मी काही खात नाही, तिने शिवलेल्या भांड्याला मी हात लावत नाही, हे बाहेरून बघणाऱ्याला काय दिसत असेल? माझ्याकडे बायॉप्सीचा रिपोर्ट आहे. आजीकडेही तिच्या मते भक्कम पुरावाच होता.

या सगळ्या उलथापालथीत एकच पदार्थ शाबूत राहिला. आमच्या घरात ज्याचं नाव घेत नसत तोच. मला आधी विश्वासच बसेना. कारण सॉसेज म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती सुपरमार्केटमधली गुळगुळीत गुलाबी कांडी, आणि त्यांच्या पाकिटावर बऱ्याचदा मैदा किंवा कसलंतरी पीठ निघतंच. चुलत बहिणीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा तिने सकाळी मोठ्या कौतुकाने सॉसेज तळले. टम्म फुगलेले, चकचकीत. मी पाकीट मागितलं. तिथे एक बरं आहे, घटकांच्या यादीत गहू उठून दिसेल असा छापावाच लागतो. होताच. इंग्रजी सॉसेजमध्ये रस्क, म्हणजे भाजलेल्या गव्हाच्या पिठाचा चुरा, घालायची रीतच आहे, पाणी आणि चरबी धरून ठेवायला. तिथल्या नियमाने 'पोर्क सॉसेज' म्हणवून घ्यायला ४२ टक्के मांस असलं तरी पुरतं. बहिणीने धावपळ करून दुकानातून बिनगव्हाचे खास सॉसेज आणले, ते महाग होते आणि चवीला बेताचे. आणि टीचरच्या चुलीवर टांगलेल्या माळेत? डुकराचं मांस, मीठ, माडाचं व्हिनेगर, सुक्या मिरच्या, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद. आणि ऊन. आणि धूर. भर घालायला काही नाही. पावसाळ्यात समुद्र बंद, मासे नाहीत, तेव्हा पुरवून पुरवून खायची ही चीज, एप्रिल-मेच्या उन्हात करून ठेवलेली, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सामानात सुक्या बांगड्याशेजारी ठेवायची. त्यात पीठ कोण कशाला घालेल, पीठ पावसात किडतं.

तेव्हापासून म्हापशाला गेले की शुक्रवारच्या बाजारातून चोरिसाच्या माळा आणते. विकणाऱ्या बायकांना "यात काय काय घालता?" असं खोदून विचारते, आणि त्या माझ्याकडे आयकर खात्याची माणसं आल्यासारखं बघतात. पुण्यात माळ वर्तमानपत्रात गुंडाळून, मग दोन पिशव्यांत बांधून फ्रिजमध्ये. तरी सोसायटीच्या जिन्यात वास येतो म्हणे.

पण पाव नाही.

हे दुःख मोठं आहे असं म्हणायला लाज वाटते, पण आहे. भाकरीवर चोरीस घेतला की तेल भाकरीवरून ओघळून ताटात जमतं, भाकरी ते पीत नाही. घावन पितो, पण मग त्याचा लगदा होतो. माडाच्या सुरेत, म्हणजे माडीत, आंबवलेली तांदळाची सान्नं जवळपास पोचतात, जाळीदार, किंचित गोड. ती टीचर करायची पूर्वी, आता तिच्याने होत नाही आणि पुण्यात सूर कुठून आणू? बिनग्लुटेनचा विकतचा पाव आणला तर तो हातातच भुसभुशीत होऊन पडला, शाडूच्या वाळलेल्या गणपतीसारखा. गव्हातला तो चिवट ताणच तर माझा वैरी आहे, आणि त्या ताणाशिवाय पाव तेल धरत नाही. शिवाय पाव एकट्याने खायची गोष्टच नव्हे. तो मोडून दुसऱ्याला द्यायचा असतो. टीचरच्या टेबलाभोवती सगळे एकाच पातेल्यात पाव बुडवतात, आणि मी तिथे पिशवीतून डबा काढते.

अखेर उत्तर सापडलं ते आजीच्याच स्वयंपाकात. उकड्या तांदळाची पेज. सकाळी अकराला आजी तिच्या वेगळ्या चुलीवरची पेज प्यायची, मिठाचा खडा आणि लोणच्याची फोड घेऊन, आणि आम्हालाही वाढायची. टीचरकडेही अकराला पेजच असायची, तोंडी लावायला कधी खारं, म्हणजे सुकी मासळी, कधी पावसाळ्यात चोरिसाचे दोन मणी. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी तीच पेज, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर सुचलं. पेजेत लाल तेलाचे थेंब पडले की ते फुटत नाहीत, गोल गोल तरंगतात. मग भाताचं शीत चमच्यात आलं की त्याच्याबरोबर एक थेंब येतो. जून-जुलैत ऑफिसातून भिजून आलं की मी हेच खाते. पंख्याखाली बसून, पायजमा दुमडून, कुणाशी न बोलता.

परवा रविवारी तेच चाललं होतं. पेज शिजत होती, चोरीस पाण्यात रटरटत होता, आणि टीचरचा फोन आला. आधी पाऊस, मग गुडघे, मग नातवाचं कॉलेज. मी त्या चमच्याबद्दल काहीतरी बोलायचं ठरवून तीन वाक्यं जुळवलीही, तेवढ्यात तीच म्हणाली की तिने शुक्रवारच्या बाजारातून एक छोटं नवं पातेलं आणलंय, फक्त माझं, त्यात पाव जाणार नाही. लाल दोऱ्याचं मीच तिला मे महिन्यात सांगितलं होतं, डबा उघडताना, काहीतरी बोलायचं म्हणून. घरात लाल दोरा सापडेना. मग तिने चोरिसाच्या माळेचाच दोरा सोडवून पातेल्याच्या दांड्याला बांधला. "तांबडोच जाला तो," म्हणाली, "मसाल्यान."

"टीचर," मी म्हटलं, आणि पुढचं काही आठवेना.

"आनी कप?" तिने विचारलं. "कप वेगळो दवरूं?"

आणि ती हसली, मोकळेपणाने, ऐंशीच्या वयाला शोभेल असं खोकत खोकत. मला हसू यायला जरा वेळ लागला. तोवर पेज उतू गेली होती.